'नथिंग टू डिक्लेअर' : जर्नलच्या फॉर्ममधली ती एक ओळ

शाईबहाद्दर | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, मी पुण्यात एका जर्नलच्या, म्हणजे शोधपत्रिकेच्या, कार्यालयात काम करतो. विषय आरोग्य आणि जीवशास्त्र, वर्षाला चार अंक. मी शास्त्रज्ञ नाही. लेखासोबत सगळे फॉर्म आलेत का, आकृत्या उघडतात का, रिव्ह्यूअरला (लेख तपासून अभिप्राय देणाऱ्या तज्ज्ञाला) तिसऱ्यांदा आठवण करायची तर कुठल्या भाषेत, असली कामं माझ्याकडे.

त्या फॉर्मांत एक चौकट असते, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टची, म्हणजे हितसंबंधांची. या लेखाच्या निष्कर्षाशी तुमचा पैशाचा, नात्याचा, नोकरीचा, पेटंटचा काही लागाबांधा आहे का? लोक 'नन' (काही नाही) लिहून पुढे सरकतात. रेल्वेचं तिकीट काढताना खिडकीची जागा हवी की नको, याचा जास्त विचार होत असेल.

मागच्या आठवड्यात एका पूरक आहारावरचा लेख आला. चौकटीत 'नन'. पण लेखकाच्या ईमेलखाली सहीत ठळक अक्षरांत त्याच प्रकारची पावडर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि 'वैज्ञानिक सल्लागार'. मी फोन केला. गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, ते वेगळं. कन्सल्टन्सी बायकोच्या नावावर आहे." मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं की प्रश्न मिटला.

तेव्हापासून डोक्यात हा धागा काढायचं घोळतंय. या प्रकरणाचा गुरू म्हणावा असा किस्सा साखरेचा आहे. १९६७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हार्वर्डच्या तिघांनी दोन भागांत एक आढावा लिहिला. हृदयविकाराला साखर जबाबदार की स्निग्धपदार्थ, हा तेव्हाचा तापलेला वाद. आढाव्याने साखरेविरुद्धच्या अभ्यासांतल्या त्रुटी बारकाईने दाखवल्या आणि बोट चरबीकडे वळवलं. या कामासाठी शुगर रिसर्च फाउंडेशनने ६,५०० डॉलर दिले होते. २०१६ च्या हिशेबात हे साधारण पन्नास हजार डॉलर होतात. लेखात त्याचा उल्लेख नव्हता.

हे बाहेर यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य बाईंनी ग्रंथालयांत जपून ठेवलेला जुना पत्रव्यवहार चाळला आणि २०१६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तो 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये मांडला. त्यातून दिसतं की उद्योगाच्या माणसाने हेतू आधीच सांगितला होता आणि लेखाचे मसुदे त्याच्याकडे जात होते. शेवटचा मसुदा वाचून त्याने कळवलं की आमच्या मनात होतं ते नेमकं हेच.

तर माझा प्रश्न. ती चौकट भरल्याने नक्की काय होतं? लेखक खरं लिहितो तेव्हाही मला कधी कधी वाटतं की आपण त्याला एक पावती फाडून दिली. आता तो मोकळा.

---

कृष्णाकाठचा डॉक्टर | मंगळवार, रात्री ११:१५

बायकोच्या नावावर, हाहा. आमच्याकडे जमीन असते तशी.

साखरेचं हार्वर्डला कशाला शोधायला जाता? आमच्या पट्ट्यात कारखान्याचा चेअरमन आणि कॉलेजचा चेअरमन एकच गृहस्थ असू शकतो, आणि मधुमेहाच्या शिबिराचं उद्घाटनही तेच करतात. चौकट कोण भरणार?

पण विनोद सोडा. मी हाडांचा डॉक्टर. माझ्या टेबलावर एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) दर आठवड्याला जर्नलमधल्या लेखाची चकचकीत सुटी प्रत, म्हणजे रीप्रिंट, ठेवून जातो. मोठ्या जर्नलचं नाव, गुळगुळीत कागद, हव्या त्या आलेखावर पिवळा मार्कर. हे रीप्रिंट फुकट छापले जात नाहीत. कंपनी ते जर्नलकडून विकत घेते. व्हायॉक्स आठवतं का? मर्कचं सांधेदुखीचं औषध. त्याची 'व्हिगर' चाचणी २००० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली आणि मर्कने तिच्या नऊ लाखांहून जास्त प्रती विकत घेतल्या. सप्टेंबर २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे औषध बाजारातून काढलं. डिसेंबर २००५ मध्ये जर्नलने त्या पेपरबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, कारण औषध घेणाऱ्यांमधले तीन हार्ट अटॅक पेपरात धरलेच नव्हते.

नऊ लाख प्रती विकणाऱ्याने लेखकाला विचारायचं, तुमचे काही आर्थिक हितसंबंध? जर्नलची चौकट कुठेय?

---

नामधारी | मंगळवार, रात्री ११:३२

+१. वाचतोय.

---

बोरूबहाद्दर प्राध्यापक | बुधवार, सकाळी ७:०५

डॉक्टरसाहेब, मर्कवरून आणखी एक. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हायॉक्सच्या खटल्यात एक जर्नल समोर आलं, 'ऑस्ट्रलेशियन जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट मेडिसिन'. तुमच्याच खात्यातलं. दिसायला अस्सल, आत संपादक मंडळाची यादीसुद्धा. पैसे मर्कचे, छापणारी एल्सेव्हिअर ही बडी प्रकाशनसंस्था. अशी सहा जर्नलं आपण काढली होती, हे एल्सेव्हिअरने नंतर मान्य केलं. म्हणजे लेखातला हितसंबंध शोधायची कटकटच नाही, अख्खं जर्नलच हितसंबंध.

संपादकही काही देवमाणसं नसतात. मोहम्मद एल नाशी या गृहस्थांनी आपण स्थापन केलेल्या 'केऑस, सॉलिटॉन्स अँड फ्रॅक्टल्स' या जर्नलात स्वतःचे तीनशेहून अधिक लेख छापले. २००८ मध्ये 'नेचर'ने हे लिहिलं तर गड्याने 'नेचर'वरच लंडनमध्ये बदनामीचा दावा ठोकला. २०१२ साली हरला. आमच्या कॉलेजच्या वार्षिकात प्राचार्यांची दोन मनोगतं आणि एक कविता असायची तेव्हा आम्ही केवढे वैतागायचो!

शाईबहाद्दर, तुमच्याकडे संपादकाचा स्वतःचा लेख आला तर तो कोण हाताळतं? खरं सांगा.

---

शाईबहाद्दर | बुधवार, दुपारी १:२०

सर, वर्मावर बोट. (नाव जुळतं म्हणून सोडून देणार नाही म्हणा!)

नियम आहे. संपादकाचा लेख आला की तो बाहेरच्या संपादकाकडे जातो, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ संपादकाला रिव्ह्यूअरची नावं दिसत नाहीत. कागदावर चोख. प्रत्यक्षात कार्यालय दोन खोल्यांचं. सगळे डबा एकाच टेबलावर खातो. मागच्या वर्षी संपादकांनी वरण वाढता वाढता विचारलं, "त्या लेखाचं काय झालं रे?" मी म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे, सर." त्यांनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

रीप्रिंटचा मुद्दा मान्य. आम्ही लहान, आमचे रीप्रिंट कोणी विकत घेत नाही. पण आम्ही लेखकाकडून छपाईशुल्क घेतो. लेख नाकारला की शुल्क बुडतं. हासुद्धा हितसंबंधच, आणि त्यासाठी आमच्या वेबसाइटवर एक ओळही नाही.

---

आकडेमोड_न्यू_जर्सी | बुधवार, दुपारी ४:४८

मी औषध कंपनीत स्टॅटिस्टिशियन आहे. ही माझी चौकट, आधीच भरली. आता दगड मारा.

साखरेच्या गोष्टीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये डेव्हिड मेरिट जॉन्स आणि जेराल्ड ओपनहायमर या दोघांनी त्या प्रकरणाची फेरतपासणी केली. त्यांचं म्हणणं असं की त्या काळी उद्योगांकडून पैसे घेणं सर्रास चालायचं, ते छापायची पद्धत नव्हती. हार्वर्डच्या त्याच मंडळींना दुग्धउद्योगाकडूनही पैसे मिळत होते, आणि चरबीबद्दलची त्यांची मतं साखरवाल्यांचे पैसे यायच्या आधीची होती. म्हणजे पैसे घेऊन मत बदललं असं नाही. ज्याचं मत सोयीचं आहे त्याला उद्योगाने शोधून काढलं. न्यू इंग्लंड जर्नलने तरी आर्थिक संबंध जाहीर करायची सक्ती १९८४ मध्ये आणली. १९६७ च्या माणसाला १९८४ चा नियम लावायचा का?

दुसरं. कंपनीच्या मोठ्या चाचणीवर नजर ठेवणारे खूप असतात. आराखडा आधी नोंदवलेला, मुख्य निकष आधी ठरलेला, औषधाला परवानगी देणाऱ्या नियामकाकडे रुग्णनिहाय डेटा जातो. एखाद्या विभागात सर आणि दोन विद्यार्थी मिळून चाळीस रुग्णांवर काढलेला पेपर 'नन' लिहून छापून येतो, त्याचा डेटा कोणी बघितलेला असतो? त्या सरांना प्रमोशन हवं असतं. तो हितसंबंध कुठल्याच फॉर्मात नाही.

---

कृष्णाकाठचा डॉक्टर | बुधवार, संध्याकाळी ६:१०

दगड नाही, पण एक खडा घ्या. नियामकाकडे डेटा जातो म्हणता, मग व्हायॉक्सचे तीन अटॅक जर्नलात का आले नाहीत? कंपनीच्या पैशाने झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष कंपनीच्या बाजूने झुकतात, हे कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१७ च्या आढाव्यात स्वच्छ मांडलंय. आणि ते नेहमीच्या पद्धतशीर चुकांनी समजावता येत नाही, हेही.

---

आकडेमोड_न्यू_जर्सी | बुधवार, संध्याकाळी ६:५५

आढावा माहीत आहे, आणि मान्य आहे. झुकाव आकडे खोटे लिहिण्यात क्वचित असतो. तो प्रश्न कसा विचारला यात असतो. आपलं औषध कशाशी तोलायचं, कुठल्या डोसशी, किती आठवडे, हे ठरलं की अर्धा निकाल ठरला. नंतरचं गणित मी अगदी प्रामाणिकपणे करतो. म्हणूनच शाईबहाद्दरांच्या चौकटीत 'निधी कंपनीचा' एवढं लिहून भागत नाही. आराखडा कोणी केला, डेटा कोणाकडे होता, पहिला मसुदा कोणी लिहिला आणि छापायचं की नाही हे कोणाच्या हातात होतं, हे चार प्रश्न तिथे हवेत. मोठी जर्नलं हल्ली विचारतात. लहान जर्नलांत मी क्वचित पाहिलेत.

---

शाईबहाद्दर | बुधवार, रात्री ९:३०

हे चार प्रश्न मी उद्याच संपादकांपुढे ठेवतो. डबा खाताना नाही, केबिनमध्ये.

१९६७ च्या माणसाला १९८४ चा नियम लावू नये, पटलं. मी मूळ लेखात जरा एकांगी लिहिलं. तरी मसुदे पैसे देणाऱ्याकडे जाणं मला कुठल्याही सालात खटकलं असतं.

जाहीर करून काय होतं, यावर एक प्रसंग सांगायचा राहिला. मे २००० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये नैराश्यावरच्या औषधाचा एक पेपर आला. लेखकांचे औषध कंपन्यांशी इतके संबंध होते की ते सगळे छापायला जागा पुरेना. मग अंकात सारांश देऊन तपशील वेबसाइटवर टाकला. तेव्हाच्या संपादक मार्शा अँजेल यांनी त्याच अंकात अग्रलेख लिहून विचारलं, वैद्यकीय विद्यापीठं विकायला काढली आहेत काय? सगळं जाहीर झालं होतं, बरं का. नियम शंभर टक्के पाळला होता.

एवढी लांब यादी वाचून कोण थांबतं? मी तर म्हणेन यादी लांब झाली की वाचकाला वाटतं, सगळ्यांशीच संबंध म्हणजे कोणाशीच नाही.

---

गोदाकाठची मीनल | गुरुवार, रात्री १२:१२

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मी मराठवाड्यात पीएचडी करते, विषय पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण. तुमच्या चर्चेतली मोठी नावं वाचून भीतीच वाटली, पण माझी अडचण अगदी लहान आहे आणि उद्या-परवा पेपर पाठवायचाय.

आम्ही एका कंपनीच्या फिल्टरची तपासणी केली. कंपनीने दहा कार्ट्रिज फुकट दिली, पैसे एक रुपया नाही. सर म्हणतात, "पैसे घेतले नाहीत ना? मग 'नो'वर टिक कर, उगाच शंका कशाला ओढवून घ्यायची." शिवाय जर्नलने तीन रिव्ह्यूअरची नावं सुचवायला सांगितलीत. सरांनी दिलेल्या तिघांपैकी दोघं त्यांचे जुने विद्यार्थी आहेत आणि तिसऱ्यांबरोबर त्यांचा मागच्या वर्षीचा पेपर आहे. मी काय करू? सरांशी वाकडं घेणं मला परवडणारं नाही, अजून थिसिस जमा व्हायचाय.

---

शाईबहाद्दर | गुरुवार, सकाळी ८:२०

मीनलताई, आधी रिव्ह्यूअरचं, कारण ते जास्त गंभीर आहे. एकदा आमच्याकडे लेखकाने सुचवलेल्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय दुसऱ्याच दिवशी पहाटे आला. पत्ता जीमेलचा. लेखात 'रिसीव्ह'चं स्पेलिंग सगळीकडे उलटं होतं, आयचा ई आणि ईचा आय. अभिप्रायातही तसंच उलटं. आम्ही त्या रिव्ह्यूअरच्या विद्यापीठाला पत्र टाकलं. ते गृहस्थ म्हणाले, मला तुमचं जर्नल माहीतच नाही.

हे काही आम्ही शोधलेलं नव्हतं. दक्षिण कोरियाचा ह्युंग-इन मून २०१२ मध्ये असाच सापडला. सुचवलेल्या रिव्ह्यूअरांचे पत्ते त्याच्याकडेच पोचत आणि अभिप्राय चोवीस तासांत परत येत. संपादकाला शंका आली ती या वेगामुळे. खरा रिव्ह्यूअर एवढा तत्पर नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल'ने एकदम साठ पेपर मागे घेतले. तैवानच्या एका संशोधकाभोवती बनावट खात्यांचं जाळं सापडलं होतं. काही पेपरांवर नाव असल्यामुळे तैवानच्या शिक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला.

तुमच्या सरांचे विद्यार्थी खरे आहेत, बनावट नाहीत, ही गोष्ट वेगळी. तरी मागच्या काही वर्षांतले सहलेखक आणि गाइड-विद्यार्थी असं नातं असलेली नावं बहुतेक जर्नलांना चालत नाहीत. जर्नलच्या वेबसाइटवरची ती ओळ प्रिंट काढून सरांपुढे ठेवा. "मी म्हणते" असं म्हणू नका, "त्यांनी परत पाठवलं तर दोन महिने जातील, सर" असं म्हणा. सरांना नीतीपेक्षा दोन महिने जास्त कळतील.

---

बोरूबहाद्दर प्राध्यापक | गुरुवार, सकाळी १०:४५

मीनल, तुमच्या सरांना शिव्या घालणं सोपं आहे. पण त्यांना घडवलं कोणी? प्रमोशनच्या फॉर्मात पेपर मोजायचे, वाचायचे नाहीत. मग पेपर पुरवणारी दुकानं निघाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीची तपासणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापली. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी जी १,००९ जर्नलं तपासली, त्यांतली ८८ टक्के निकषांत बसेनात. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर जर्नलं यादीतून काढली आणि २०१९ मध्ये 'केअर' ही नवी यादी आणली. तिचा कक्ष आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता म्हणे संस्थांनी आपापलं ठरवावं.

पहिली यादी ज्यांनी सुचवली त्याच विद्यापीठांनी आपापलं ठरवायचं. यात मला हितसंबंध दिसतो, पण मी म्हातारा, मला सगळीकडे दिसतो.

---

कडुलिंब | गुरुवार, दुपारी १२:०२

नीतीवाल्यांची पण एक गंमत लिहा की. मुंबईतून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्येच २०१८ साली स्वीडनमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण आणि तो टाळण्यासाठीची एचपीव्ही लस यांचा संबंध सुचवणारा लेख आला होता. लेखकाने पत्ता तिथल्याच कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या वैद्यकीय विद्यापीठाचा दिलेला. त्यांनी कळवलं, या नावाचा आमच्याकडे कोणी नाही. नाव टोपण निघालं. जर्नलने आधी पत्ता दुरुस्त करून लेख ठेवला, मग टीका झाल्यावर काही आठवड्यांत मागे घेतला. तोवर लसविरोधकांनी तो जगभर फिरवलेला. नावच खोटं असेल तर चौकटीत काय लिहिलं याला काय अर्थ?

---

शाईबहाद्दर | गुरुवार, दुपारी २:३०

कडुलिंब, बरोबर आहे. पण तो लेख मागे घेतला आणि का घेतला हे सांगितलं, हेही त्यांच्या खात्यात धरा. सगळे तसं सांगत नाहीत. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमवाला बारा मुलांचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये फेब्रुवारी १९९८ ला आला आणि फेब्रुवारी २०१० ला मागे घेतला गेला. बारा वर्षं. लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, हे संपादकाने नाही, ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ मध्ये उघड केलं. साखरेचं दंतवैद्याने, हे पत्रकाराने. आमच्या कार्यालयांनी नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

---

कृष्णाकाठचा डॉक्टर | गुरुवार, दुपारी ३:१५

कारण तपासायला तुमच्याकडे साधन नाही. अमेरिकेत कंपनीने कुठल्या डॉक्टरला किती दिले ते सरकारी वेबसाइटवर दिसतं. त्यावरूनच 'जामा'मध्ये २०२४ ला आलं की चार बड्या जर्नलांच्या १,९६२ अमेरिकन डॉक्टर-रिव्ह्यूअरांपैकी ५८.९ टक्क्यांना २०२० ते २०२२ मध्ये उद्योगाकडून काहीतरी मिळालं होतं. रिव्ह्यूअर, लेखक नाही! आपल्याकडे अशी वेबसाइट नाही. मी गोव्याच्या कॉन्फरन्सला कोणाच्या तिकिटावर गेलो होतो हे शाईबहाद्दरांना कसं कळणार?

(स्वतःच्या गेलो होतो. पण हे तुम्ही माझ्या शब्दावर मानताय.)

---

गोदाकाठची मीनल | शुक्रवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. दोन महिन्यांची मात्रा लागू पडली. सरांनी स्वतःच तीन नवी नावं दिली, त्यांतल्या एकाशी त्यांचं भांडण आहे म्हणे. तेही सांगायचं असतं का?

चौकटीत मी लिहिलं, "तपासलेल्या फिल्टरची कार्ट्रिज उत्पादक कंपनीने फुकट दिली. आराखडा, मोजमाप आणि लेखन यांत कंपनीचा सहभाग नव्हता." सरांनी 'फुकट' खोडून 'सौजन्याने' केलंय. ठेवू का?

---

शाईबहाद्दर | शुक्रवार, रात्री ९:०५

भांडणही सांगायचं असतं. 'या व्यक्तीकडे पाठवू नये' असा वेगळा रकाना असतो, तिथे.

'सौजन्याने' लग्नपत्रिकेत शोभतं. 'विनामूल्य' लिहा, आणि किती ते लिहा.

---

गोदाकाठची मीनल | शुक्रवार, रात्री ९:११

प्रयोगाला दहा. अकरावं सरांच्या स्वयंपाकघरात बसवलंय. ते मोजायचं का?